ऐन

जुमा, तुझ्या नावातला ऐन
तीस वर्षांत माझ्या घशाला जमला नाही
आणि माझ्या नावातला प तुझ्या ओठांना.
चिपळुणात मी परशुराम, घरात परशा,
मुहर्रकच्या मासळीबाजारामागे तुझा बरशू.
फिटंफाट.

पाट्या रंगवणारा माणूस अक्षर वाचत नाही,
त्याचं वळण बघतो.
तुझ्या पहिल्या निवडणुकीचे चाळीस कापडी फलक
मी असेच बघून बघून काढले, उजवीकडून डावीकडे,
आणि पहिल्याच फलकावर
जीमच्या पोटातला नुक्ता विसरलो.
गल्ली दिवसभर हसली.
नाव उरलंच नव्हतं, नुसतं खाकरणं झालं होतं.
तू म्हणालास, राहू दे,
निवडून आलो तर घाल.

आलास.
पण तो फलक काही दिला नाहीस परत.
होडीवर सावलीला बांधलास.

नगरपालिकेच्या कचेरीत एसी फार गार,
म्हणून माझ्या दुकानापुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचास,
तिच्या मोडक्या पायाखाली माझा रंगाचा डबा.
लोक सिगारेटच्या पाकिटांवर तक्रारी लिहून आणायचे.
तुंबलेलं गटार, गेलेला दिवा, कुणाच्या सुनेचं भांडण.
भांडणात मी काय करू, म्हणायचास,
आणि उठून जायचास तिकडेच.
गोदामामागच्या खोलीत चौदा तेलुगू पोरं, नळ नाही.
त्यांना मत नव्हतं. मला तरी कुठे होतं?
टँकर आला तेव्हा पाइप धरून तूच उभा,
पांढऱ्या थोबाला गुडघ्यापर्यंत चिखल.

आई गेली त्या रात्री माझा पासपोर्ट कफीलच्या तिजोरीत.
तू त्याच्या मजलिसीत जाऊन बसलास.
काही मागितलं नाहीस म्हणे,
नुसता बसलास दोन वाजेपर्यंत, उठेचना.
पहाटेच्या विमानाआधी पासपोर्ट माझ्या हातात.
ऐन वेळी, आमच्याकडे म्हणतात, मी सांगितलं.
तू हसलास. बघ, येतो की तुला!
हा सोपा आहे रे, याला घसा लागत नाही.

पुढच्या खेपेला एकसष्ट मतांनी पडलास.
सकाळी दुकान उघडतो तर पत्र्याची खरवडणी घेऊन
भिंतीवरची तुझी पोस्टरं तूच काढतोयस.
म्हटलं, अरे, जिंकलेल्याची अजून तशीच आहेत.
म्हणालास, माझी घाण माझी.

परवा तुझा महदी आला. काळं कापड, दोन वार.
फ्लेक्सवाला दहा मिनिटांत काढून देतो,
त्यालाही माहीत, मलाही.
ब्रश कडक झाले होते, रॉकेलमध्ये भिजवले.
हात आपोआप उजवीकडून निघाला.
जीम, मीम, गाठ मारल्यासारखा ऐन,
शेवटच्या गोल अक्षरावर दोन ठिपके, तेही दिले.
जीमचा तेवढा राहिला.
विसरलो नव्हतो.
महदी बघत होता. त्याच्या काखेत एक घडी,
मिठाने पांढरी, होडीवरची.
म्हणाला, घाला आता, काका.
घातला.
दोन्हींवर.

तिसऱ्या दिवशी फातिहाला गेलो.
दाराशी त्या तेलुगू पोरांतले दोघं, आता पोटं सुटलेली.
तुझ्या थोरल्या भावाचा हात हातात घेतला.
पाठ करून गेलो होतो एक अरबी वाक्य,
त्यातलं फक्त तुझं नाव बाहेर आलं
आणि मधेच घसा असा आवळला
की ऐन बसला, बरोब्बर जागेवर.
भावाने वर बघितलं.

मग मी कोपऱ्यात बसलो.
कॉफी पुरे झाली की फिंजान हलवायचं,
तूच शिकवलं होतंस.
मी धरून बसलो तसंच,
आणि पोरगा ओतत राहिला.