गुडघे

येसू तेराची होती, मी दहाची.
हँडबिलात आम्ही दोघी आठ.
जुळ्या बहिणी, मिस जेसी, मिस डोरा.
एदलजी मास्तरांनी बारसं बोटीवरच उरकलं,
घुगऱ्या नव्हत्या, खडीसाखरेचा एकेक खडा दिला.

माझ्या टाचांखाली सागवानी ठोकळे.
तिला काही नाही, तिनं फक्त वाकायचं.
झग्याच्या चार थरांआड गुडघे मोडून
गायचं, हसायचं, गिरकी घ्यायची,
आणि खाली पाट आहे, आपण बसलोच आहोत,
असं पाठीला समजावत राहायचं.
बघणाऱ्याला दिसायच्या दोन सारख्या फिती
आणि लाल कागद चोळलेले चार सारखे गाल.

जाताना खपलं.
बंदर अब्बासला कुणी संत्री फेकली, ती आम्ही खाल्ली.
बसऱ्याला मात्र खजूर फार स्वस्त.
परतीच्या बोटीवर येसू दोन बोटं वाढलेली.
मास्तर म्हणाले, पोरीला गोड देऊ नका.

मत्रहचे डोंगर काळे.
दिवसभराचं ऊन उसनं घेतात
आणि रात्री व्याजासकट अंगावर फेडतात.
लीलाधर भाटियाच्या वखारीत
खजुराच्या गोण्यांवर फळ्या टाकून आमचं स्टेज.
गोण्यांतून काकवीसारखं काही झिरपायचं,
मुंग्या ठोकळ्यांवरून माझ्या पोटरीपर्यंत यायच्या.
पेटीतला पंचम दमट हवेनं बसलेला;
ती जागा आली की पेद्रू फिडलवर जोर देई.
गाणं गोऱ्यांचं. शब्द पाठ, अर्थ नाही.
पेद्रू म्हणे, बर्फात हरवलेल्या दोन पोरींचं आहे.
बर्फ आम्ही पाहिला नव्हता.
हरवणं ठाऊक होतं.

तिसऱ्या कडव्यात
माझ्या हातातला तिचा हात वर सरकू लागला.
मला वाटलं, गिरकी चुकली.
पण ती उठत होती,
बाहेर वखारीच्या दाराशी उंट उठायचे तशी,
टप्प्याटप्प्यानं, जरा रागातच.
गुडघा वाजला. तो फक्त मी ऐकला.
आवाजही खाली उतरला, तिचा स्वतःचा,
आईच्या दुखण्यात रात्री ऐकलेला,
त्यानंतर कधीच नाही.

वखार गप्प. नुसता कंदिलांचा धूर.
मग पहाऱ्यावरचा बलुची टाळ्या पिटत उठला:
जादू! पोर डोळ्यांदेखत वाढली!
आणि गोण्यांवरचे, दारातले, भिंतीवर चढलेले सगळे,
पुन्हा, पुन्हा.

सकाळी बाजारात नवी हँडबिलं:
एका गाण्यात पाच वर्षं वाढणारी मुलगी.
येसूला दोन आणे जास्त.
त्या रात्री ती वाकली आणि उठली.
मास्तर विंगेत मिशीला तूप लावत उभे.

तिसऱ्या रात्री ती विंगेतून
सरळ, उभीच आली.

खजुराची बी एवढीशी असते,
पण भुवईवर लागली की लागते.
येसूनं गाणं पुरं केलं. चारही कडवी.
मी शेजारी ठोकळ्यांवर, तिच्या खांद्याइतकी,
आठ वर्षांची.

कराचीत मास्तरांनी एक पोर घेतली, सहाची असेल.
तिचं नाव काहीतरी होतं, त्यांनी जेसी ठेवलं.
येसूकडे झग्यांची धुणी आली, आमच्या वेण्या आल्या.
मी ठोकळे सोडून नव्या पोरीच्या टाचांना बांधले.
डेकच्या फळ्या तापलेल्या होत्या,
किती दिवसांनी तळव्यांना कळलं.

आता तू वाक, येसू म्हणाली.
माझ्या मागे बसून तिनं कमरेला हात लावला.
भार टाचेवर नको, अंगठ्यावर.
श्वास कोंडू नकोस.
लांब सूर येतो ना, तेव्हा सगळे तोंडाकडे बघतात,
तिथं गुडघा जरा सैल सोडायचा.

किती, मी विचारलं.

थोडासाच, ती म्हणाली.
कुणाला कळेल इतका नाही.