ब्लाउजात मोजलेलं

दुकान म्हणजे काय, ओट्यावरचा पत्रा आणि त्याखाली मी.
अमळनेरात, बोरीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
दुपारी एकला मशीनवर चादर टाकते.
येणारीजाणारी विचारते, "इतलं लवकर? तुले पैसा नको का वं?"

नको असं नाही.
मोजता यायला लागलंय, एवढंच.

अस्तराचा ब्लाउज तीनशे.
दोरा, हूक, वीज, पिकोवाली वजा जाता
हातात दोनशे वीस.
सुरतेच्या नणंदेकडे पाहून सोफा आणला होता,
मरून, चमकत्या खिळ्यांचा.
एकशे चाळीस ब्लाउज बसले त्यात.
मी नाही बसले.
रात्री दीडपर्यंत काजं करायची
आणि सोफ्यावर गिऱ्हाइकांची गाठोडी,
प्लास्टिक न काढलेल्या गादीवर
मांडी घालून, पाहुण्यांसारखी.

फाल्गुनात मान धरली.
गळ्याचा पट्टा: सहा ब्लाउज.
पट्टा लावूनच वहीची मागची पानं उघडली,
जिथं कुणाची मापं नसतात,
आणि घरभर फिरले टेप घेऊन.
फ्रीज, पंचावन्न. तो राहू दे, इथला मे महिना मला माहीत आहे.
मोठा टीव्ही, नव्वद.
भिशी, जी दुसऱ्या भिशीचा हप्ता भरायला लावली होती,
महिन्याला नऊ.
कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्च्या तेलाची धार,
दोघांचं मिळून एक बाहीसुद्धा नाही.

सोफा पारोळ्याच्या एका नवरदेवाने नेला, निम्म्या भावात.
टेम्पो वळला तसा हिरामण म्हणाला,
"भिंत केवढी मोठी निघाली गं."

समोरच्या शबनूरला मात्र हे सांगू नये.
मी सांगितलं एकदा, शहाणपणाने.
तिचं घर भाड्याचं, सासूचं डायलिसिस,
तिच्या वहीत खोडायला ओळच नाही.
ती ऐकत राहिली, हूक लावत राहिली,
आणि पुढचे दोन दिवस
माझ्याकडे सुईसुद्धा मागायला आली नाही.

प्रणोतीची नर्सिंगची फी निघाली तेव्हा
मोजलं नाही. खोटं कशाला,
मोजलं, चारशे दहा.
पत्र्याखाली पुन्हा बल्ब लागला, अख्खी लग्नसराई.
मान दुखली.
पण तशी नाही.

काल पाऊण वाजता एक नवरीची आई आली,
जरीकाठ, मोरपंखी, हाताला गार लागणारं कापड.
"संध्याकाळी द्या, दुप्पट घ्या."
कापड दोन वेळा उलटून पाहिलं. मोह होतोच.
"परवा," म्हटलं.
चादर टाकली, सोफ्याच्या रिकाम्या जागी
फरशीवर आडवी झाले.

दीड ब्लाउजाची झोप.
महाग आहे,
पण अंगाला बसते.