ओ

दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय
आत जाताच येत नाही.
"मुद्दाम," त्सियाला म्हणते. "बेवडा असो की बिशप,
इथं सारखेच वाकतात."

सिघनाघीचा कोट वर, दोन वळणांवर.
इथं जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले सात रांजण;
दिसतात ती फक्त तोंडं,
दगडी झाकणं, कडेनं ओल्या मातीचं लिंपण.

पाचवा रिकामा आहे.
दर सप्टेंबरात कोणीतरी आत उतरायचं,
चेरीच्या सालींच्या कुंच्यानं पोट घासायचं
आणि घासताना गात राहायचं.
आवाज थांबला की वरच्यांनी दोर ओढायचा:
आतली हवा माणसाला आधी गुंगवते, मग गिळते.

"इतकं बेसूर गायचा आमचा नोदार,
शेजारीण खिडकी लावून घ्यायची.
मी इथं काठावर बसून
घेवडा निवडायची, निश्चिंत."

नोदार गेला तो अंथरुणात. फेब्रुवारीत. गप्प.
आता नातू पाइपानं पाणी मारतो,
कानांत गाणी खुपसून.

ती पेला भरते. वाइन पांढरी म्हणे,
रंग मात्र घासलेल्या पितळेचा;
जिभेवर अक्रोडाची साल,
आणि फार उशिरा, गिळून झाल्यावर, जर्दाळू.

मी भाव विचारते. ती सांगते,
दोन बाटल्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळते,
सुट्टे पैसे शोधायला वळते, आणि
पाचव्यापाशी थबकते.

हाक कोणाची, मला ऐकू आली नाही.
ती मात्र गुडघ्यावर हात टेकून वाकते
आणि ओ देते.