जानेवारी की एप्रिल

रात्रीचे सव्वाअकरा. सुदामा नगरात
समोरच्यांचा कूलर कधीचाच बंद, म्हणजे नोव्हेंबर.
फॉर्म बाराला बंद होतो.
ओजूने भौतिक आणि गणितापुढे जानेवारी भरलंय,
रसायनापुढची चौकट रिकामी.

चौरसिया सर म्हणतात, ताजं आहे तोवर देऊन टाक,
दिवाळीआधीच संपवलाय ना आपण विषय.
भंवरकुव्याला त्यांच्या जिन्यात
मागच्या वर्षीच्या पोरांचे फोटो,
सगळ्यांच्या कपाळाला एकाच बोटाचं कुंकू.
रामबागेतून दिनूभाऊंचा फोन:
एप्रिल, भिया, एप्रिल! आधी बोर्ड होऊ दे.
(त्यांच्या कौस्तुभने एप्रिलमध्येच दिली होती.
कौस्तुभ सध्या देवासला असतो.
याहून जास्त कुणी विचारत नाही.)
श्रीरंग नीमचहून म्हणाले, तुम्ही दोघी ठरवा,
आणि मग बावीस मिनिटं स्वतःच ठरवत राहिले.

मी म्हटलं, ओजू, हे बघ, लोणचं कसं...
ती म्हणाली, आई, उपमा नको.
परवा भाताची दिलीस, काल सायकलची.
मी म्हटलं, बरं. मग पोहे करू?
हसली. नाकातून, जरासं.
चौकट रिकामीच.

"येतं मला," ती म्हणते, "पण संध्याकाळी येतं.
सकाळी बेन्झीनचं कडं बघितलं
की कुणाच्या तरी खिडकीची जाळी वाटते."
वहीत तिने दोन रकाने पाडलेत.
जानेवारीखाली लिहिलंय: आठवतंय.
एप्रिलखाली
बराच वेळ पेन टेकवून ठेवल्याचा
निळा, फुगलेला ठिपका.

सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही.
की मला सतराव्या वर्षी
हात बसलाय तोवर, म्हणून बाबांनी
टायपिंगच्या परीक्षेला बसवलं
आणि मी पास झाले. पहिल्याच फटक्यात.
नापास होण्याबद्दल लोक फार बोलतात.
एकोणिसाव्या वर्षापासून मी बसपासच्या खिडकीत आहे.
तक्रार नाही. खिडकीत ऊन येतं, एक तारखेला पगार येतो.
फक्त कधीतरी दुपारी, रांग नसली की वाटतं,
त्या आठवड्यात मला टायफॉइड झाला असता तर?

पण हे रसायनाबद्दल नाही.
आणि तिच्याबद्दल तर नाहीच.

अकरा बेचाळीस.
तिने एप्रिल दाबलं.
का, हे मी विचारायच्या आत
केंद्रांच्या यादीत इंदूरवर आलेलं बोट
खाली, आणखी खाली नेलं
आणि उज्जैनवर थांबली.

अगं, इथलं केंद्र घरापासून चार किलोमीटर आहे.

"म्हणूनच," ती म्हणाली.
"तिथे फाटकाबाहेर आपलं कुणी उभं नसेल.
पेपर कसा गेला, ते आधी मला कळेल.
परतीचा दीड तास. मग तुम्हाला."

मी तिच्या वेणीकडे बघत राहिले.
सकाळी घातलेली, आता अर्धी सुटलेली.
जानेवारी बरोबर होतं का, मला माहीत नाही.
चौरसिया सरांना माहीत असेल. त्यांना सगळंच माहीत असतं.

"आई, उज्जैनची पहिली बस कितीची गं?"

पाच-वीसची. सरवट्याहून.
रविवारी दहा मिनिटं उशिरा सुटते,
आणि डाव्या बाजूला बसलं तर डोळ्यांवर ऊन येत नाही.
सव्वीस वर्षं मी हेच तर सांगतेय लोकांना, काचेतल्या भोकातून.

मी म्हटलं, बघ ना शोधून,
असेल कुठेतरी लिहिलेलं.

ती शोधत बसली.
मी उठले, दाराला कडी लावली होती
तरी एकदा पाहून आले.