जमा : एक बारा बोअर

जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून आणली त्यानं,
झोपलेलं पोर खांद्यावरून आणावं तशी.
हणमंत शेलार, वय सेहेचाळीस, माजी सैनिक,
मुलुंडच्या एका सराफाच्या दारात
बारा तास उभा राहणारा.
टेबलावर ठेवली, पण हात लगेच मागे घेतला नाही.

मी वैजयंता काळोखे, मुद्देमाल कारकून.
माझ्या वहीत रकाने सात.
दुनाळी. बारा बोअर. दस्ता उजवीकडे चिरलेला,
त्यावर काळी चिकटपट्टी.
"चिरला कशानं?"
"पडली."
पडून दस्ता चिरतो, पण असा नाही.
अशी चीर आतून कडी लावलेल्या दारावर बसते.
मी लिहिलं : चिरलेला.
कारणाला जागा नव्हती.

हुकूम पुन्हा वाचला. छापील मजकूर नेहमीचाच :
मारहाण करू नये, शिवीगाळ करू नये,
कामाच्या जागी जाऊ नये,
नातेवाइकांकरवी निरोप धाडू नयेत.
बंदुकीचं छापील काही नाही.
ते खाली, हातानं, निळ्या शाईत, वाकडं,
जणू बाई दारापर्यंत गेली, परत वळली,
म्हणाली, साहेब, आणखी एक.

परवाना साताऱ्याचा,
हुकूम मुलुंडच्या कोर्टाचा,
बंदूक माझ्या विक्रोळीतल्या टेबलावर.
तिघांची एकमेकांशी ओळख नाही.
मी साताऱ्याला पत्र धाडीन,
सातारा दसऱ्यानंतर कधीतरी कळवील
की आमच्याकडे हणमंत शेलार चार आहेत,
पैकी कोणता.

मग तो बोलला, फरशीकडे बघत :
"बाई, ही गेली की नोकरी गेली.
सराफ हातात काठी देईल. काठीचा पगार निम्मा.
मग पोटगी काय कोर्ट भरणार?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
खोटं कशाला बोलू, थोडी दयाही आली.
उठून पंखा वाढवला.

"काडतुसं?"
नऊ.
परवान्यावर दहा. झाडलेली, निरंक.
"दहावं कुठंय?"
"हरवलं."
दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा,
तिथं टाचणी पडली तरी केर काढताना सापडते.
लिहिलं : एक कमी. खुलासा घेणे.

चौथ्या दिवशी शालन आली,
जेवणाच्या सुट्टीत, एकटी.
कुठल्याशा कंपनीच्या कँटीनात चपात्या लाटते,
मनगटापर्यंत पीठ.
पिशवीतून हिंगाची डबी काढली.
झाकण निघालं, आणि ज्या खोलीत
गावठी दारू, गंज, वाळलेलं रक्त यांचेच वास,
तिथं कुणीतरी आमटीला फोडणी दिल्यासारखं झालं.
आत लाल काडतूस, हिंगात रुतवलेलं.
त्यावर बॉलपेननं, शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात :
शालन.

"वाढदिवसाला दिलं.
ताटाशेजारी ठेवलं, म्हणाला, तुझ्या नावचं आहे, जपून ठेव.
जपलं.
म्हटलं, माझ्याकडे आहे तोवर त्याच्याकडे नाही."

आता कायदा बघा.
विनापरवाना काडतूस जवळ बाळगणं हा गुन्हा.
दोन वर्षं तीन महिने बाळगणारी ही बाई,
तिच्याकडे परवाना एवढाच
की त्यावर तिचं नाव आहे.

पंच बोलावले : झेरॉक्सवाला आणि समोरचा चहावाला.
"जवळ मिळून आले" असं लिहायची रीत आहे, हात त्याच वळणावर गेला होता.
खोडलं. आद्याक्षरी केली. लिहिलं :
स्वतः होऊन हजर केले.
साहेब विचारतील खाडाखोड कशाची. विचारू देत.

सही करून ती उठली, पुन्हा बसली.
"डबी परत मिळेल का? हिंग केवढा महाग झालाय."
मी पंचांकडे बघितलं.
पंच चहाकडे बघत होते.
पंचनाम्यात डबीचा उल्लेख नाही.