चार फूट

भाग सत्तेचाळीस आम्ही कपाटात रेकॉर्ड केला.
घणसोली, सेक्टर सात, मेघश्यामच्या बेडरूममधलं भिंतीतलं कपाट,
जिथे त्याच्या बायकोच्या लग्नातल्या साड्या
आवाज पिऊन टाकतात.
पंखा बंद. वरच्या मजल्यावरच्या मिक्सरला
चटणी संपेपर्यंत वेळ दिलेला.

पाहुणे हरेश्वर भोईर, वय एकोणऐंशी,
गावठाणातून चालत आलेले,
हेडफोन गळ्यात उपरण्यासारखा.
बत्तीस वर्षं ठाण्यात मशीन चालवलं,
त्या थेटरात, जिथे आता सोन्याचं दुकान आहे
आणि बाल्कनीच्या जागी सरकता जिना.

आधी नव्या सिनेमावर बोललो.
मेघश्यामने साडेतीन तारे दिले, मी दोन.
काकांनाही नातवाने वाशीच्या मॉलमध्ये नेलं होतं.
कसा वाटला?
"मी मागंच बघत होतो," म्हणाले,
"खिडकीत माणूसच नाय."

मग जुना.
नाव सांगत नाही, भाग अकरा ऐका,
त्यात मी चाळीस मिनिटं एकाच कटवर बोलले आहे:
सून दारात, घागर कडेवर, ओठ उघडतात
आणि ती नाही.
नुसतं अंगण, सुपात वाळत घातलेली चिंच,
आणि त्या रिकाम्या अंगणावर तिचा आवाज:
ये.

सत्याऐंशी साल, मॅटिनी, मी दहा वर्षांची.
बाबांनी अंधारात विचारलं, कोणाला बोलावतेय गं ही?
मी म्हणाले, आपल्याला.
त्या एका अक्षरावर पुढे काय काय उभं केलं:
एक प्रबंध, अर्धा. एक प्रेम, पूर्ण.
हा पॉडकास्ट.

काका ऐकत होते. खोकले. माइकला हात लावून
बंद आहे का बघितलं. चालू होता.
"ताई, तो कट मी मारलेला."

"तिसरा रीळ अडकला, दिव्यासमोर जळला.
चार फूट गेली. ब्लेडने कापली, सिमेंट लावला,
पब्लिक शिट्ट्या मारतेय,
शंभर मोजायच्या आत परत चालू."

पण आवाज?

"आवाज चित्राच्या पुढं छापतात, वीस फ्रेम.
बाई जळली, तिचा थोडा आवाज
आदल्या तुकड्यावर राहिला.
तेवढाच ऐकलात तुम्ही."

मेघश्यामने फोनवर लावली
नवी, धुऊनपुसून काढलेली प्रत.
सून दारात. ओठ उघडतात.
ती कुठेही जात नाही. घागर सारखी करते,
पदराने मान पुसते, आत कुणाला तरी म्हणते:
येते.
पावणेतीन सेकंद.
विहिरीवर निघालेली कुठलीही बाई म्हणेल, तसं.

मी म्हणाले, तुमचाच कट भारी आहे.
पहिल्यांदाच चिडले.
"भारी कसला? लोकांनी तिकिटाचे पैसे मोजलेले.
चार फूट कमी दाखवला मी."
मग तंबाखूची डबी काढली. तंबाखू नव्हती.
बोटभर तुकडा, कडा करपलेल्या, भाजल्या पापडासारख्या.
मोबाईलच्या उजेडात धरला:
अकरा वेळा तीच बाई, अकरा वेळा उघडे ओठ.
कुठल्या अक्षरावर, ते चित्रावरून कळत नाही.

वर मिक्सर पुन्हा सुरू झाला.
मेघश्यामने कुजबुजत विचारलं, भाग अकरा काढू या?

रात्री एडिटला बसले.
काकांचे खोकले ठेवले. मेघश्यामचे 'म्हणजे' काढले, सव्वीस.
भाग अकरा आहे तिथेच आहे.
अजूनही मी त्यात ठासून सांगतेय
की ते अंगण बोलावत होतं,
आणि बाबा अंधारात माझ्याकडे बघताहेत, पटल्यासारखे.

तुकडा मात्र काकांनी परत मागून घेतला.
दारात उभं राहून, चष्मा वर करून, मोजून:
अकरा.