डावा कौल

लाँग आयलंडवर मे म्हणजे गोचिडांचा महिना.
तामाकी पँट मोज्यात खोचून येतो,
पाइनच्या झाडीतून, हरणं चुकवत,
रात्रपाळीला.

मातीच्या बांधाआड पावणेचार किलोमीटरचं कडं.
आत प्रोटॉन, प्रत्येकाची आपापली गिरकी:
शंभरातले ऐंशी मान वर केलेले,
वीस आपल्या मर्जीचे.
वाटेत दोन चुंबकं आहेत, सायबेरियन साप म्हणतात त्यांना.
दर फेरीला गिरकीची कूस बदलून देतात,
म्हणजे ती विसरत नाही
वर कुठे, खाली कुठे.

प्रोटॉनवर प्रोटॉन सोडला
की पुढे निसटणारा न्यूट्रॉन किंचित उजवीकडे झुकतो.
देवाच्या अंगावरून कळी ओघळावी तसा.
उजवा कौल. वर्षानुवर्षं तोच.

आज समोरून सोनं सोडलंय.

आणि पडद्यावर न्यूट्रॉन डावीकडे.
किंचितही नाही,
ढळढळीत.

"केबल उलटी लागलीय," तामाकी म्हणतो.
कुणीही हेच म्हणालं असतं.

लॉरेन दुबिकी विजेरी घेऊन उठते.
रिव्हरहेडच्या बटाटेवाल्यांची लेक,
निवृत्तीला एकोणीस महिने.
शाळेत सिस्टर बर्नडीननं पट्टीनं बडवून
तिला उजव्या हाताची केली.
अजूनही डावं कुठलं, हे ती
बोटांच्या पेरांना विचारते.
पेरं चुकत नाहीत.

दोन तास. एकेक चिकटपट्टी, एकेक नंबर.
केबल बरोबर होत्या.

मग तामाकीनं त्या टकरी वेगळ्या काढल्या
ज्यांत आजूबाजूचं काहीच वाजलं नव्हतं.
तुकडे नाहीत, शिंतोडे नाहीत.
फरक कमी व्हायला हवा होता.
वाढला.

"म्हणजे शिवलेच नाहीत एकमेकांना?"
"नाही बहुतेक. नुसते जवळून गेले.
सोन्यात एकोणऐंशी प्रोटॉन असतात, लॉरेन.
लांबूनच पुरे होतं."

ती कॉफी ओतायला वळते.
कॅझ, तिचा भाऊ,
शेत विकल्यापासून बोलत नाही.
दर रविवारी त्याचा ट्रक
तिच्या फाटकावरून जातो,
थांबत नाही, हॉर्न नाही.
आणि त्या दिवशी सूपमध्ये मीठ जास्त पडतं,
ती कणीस सोलते ते
डाव्या हातानं.

हे ती तामाकीला सांगत नाही.
साखर किती, एवढंच विचारते.

पावणेसहाला रस्त्यावर रानटी टर्की,
रांगेत, कुणाचीच घाई नसल्यासारख्या.
नोंदवहीत तिनं लिहिलं:
चिन्ह उलटं. केबल तपासल्या. ठीक आहेत.
अक्षर जरा तिरकं आलंय.

पुढच्या पाळ्यांना ॲल्युमिनियम.
सोन्याहून कितीतरी हलकं.
कळी कदाचित
चिकटूनच राहील.